बदलापूर किती वाजता घराबाहेर पडतं

करमाळ्याच्या एसटी स्टँडवर मी एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. म्हणजे खिडकीत बसून गाड्यांच्या नोंदी करायच्या, माइकवरून फलाट सांगायचे आणि ‘साहेब, गाडी कधी?’ या प्रश्नाला दिवसातून शंभरदा न चिडता उत्तर द्यायचं. न चिडता हे माझं म्हणणं; प्रवाशांना विचाराल तर वेगळं ऐकायला मिळेल. या एकतीस वर्षांत मला एकही लेट मार्क नाही. निवृत्तीच्या समारंभात आगारप्रमुखांनी हे भाषणात सांगितलं, टाळ्या पडल्या आणि तेव्हापासून महिन्यातून एकदा तरी मी घरात हा विषय काढतोच.

माझी भाची वर्षा बदलापूरला असते. अंबरनाथजवळ मोरिवलीला औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. सहा वर्षं टेम्पररी. या वर्षी कायम करायच्या बायकांची यादी निघणार होती, पण अट अशी, की तीन लेट मार्क चालतील, चौथा झाला की नाव कापलं. वर्षाचे दोन झाले होते आणि यादी पुढच्या गुरुवारी लागायची होती. फोनवर ती म्हणाली, "मामा, काहीपण करते तरी उशीर होतो. रस्त्याचा नेमच कळत नाही हो."

रस्त्याचा नेम! मी म्हटलं, "येतो मी. तुला वेळापत्रक करून देतो." आमच्या सौभाग्यवतींनी पिशवीत शेंगाचटणीचा डबा ठेवला आणि "जा की," एवढंच म्हणाल्या. त्यांचा माझ्या या वेळापत्रक खात्यावर कधीच फारसा विश्वास नव्हता.

गुरुवार, बदलापूर

लोकलबद्दल मी लिहीत नाही. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, शिवाय मला खिडकीजवळ जागा मिळाली होती. बदलापूरला उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. एका बाजूला डोंगर इतके जवळ, की हात लावावा, आणि त्यांच्या पायथ्यापर्यंत इमारतीच इमारती. आमच्याकडे गाव संपलं की माळ लागतो. इथे गाव संपायची वाट बघत मी रिक्षात बसलो होतो, तर वर्षाचं घर आलं.

घर पश्चिमेला, बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, चढावरच्या गल्लीत. जुनी एकमजली इमारत, ओळीने चार बिऱ्हाडं, प्रत्येकाच्या दारात नळ. वरती टाकी नाही. जावईबापू नीलेशराव शहाडला एका ऑफिसात आहेत; स्वभावाने गरीब, बोलणं कमी, मोबाइल जास्त. जेवताना मी वर्षाकडून सगळा मार्ग लिहून घेतला. नाक्यापर्यंत चालत, तिथून शेअर रिक्षाने मोरिवली, साडेआठला गेट बंद.

"कधी वीस मिनिटं लागतात, कधी पाऊण तास," ती म्हणाली. "काही लॉजिकच नाही, मामा."

"गाडी रस्त्यावर आहे म्हणजे नेम आहे," मी म्हटलं. असलं वाक्य माझ्या तोंडून निघालं, की मला स्वतःलाच बरं वाटतं.

शुक्रवार

सकाळी वर्षा घरीच होती, चादरी भिजवत बसली होती. तिची साप्ताहिक सुट्टी. आमच्या एसटीत साप्ताहिक सुट्टी माणसागणिक वेगळी असते. एका ड्रायव्हरची मंगळवारी, दुसऱ्याची शनिवारी. तेव्हा हिची शुक्रवारी आहे, असं मनात म्हणून मी वही घेऊन नाक्यावर गेलो.

शेअर रिक्षाने मी तीनदा मोरिवलीला गेलो आणि आलो. एकोणीस मिनिटं, एकवीस मिनिटं, वीस मिनिटं. रिक्षा लगेच मिळत होती, रस्ता मोकळा होता. मोरिवली हे मूळचं जुनं गाव, त्याच्या अंगाला खेटून कारखान्यांच्या भिंती. गावाच्या देवळापुढे वाल सोलत बसलेल्या बाया आणि मागे धुराडी. धुराड्यांतून धूर येत नव्हता, हे मी पाहिलं आणि हवा किती स्वच्छ ठेवतात हे लोक, म्हणून कौतुक केलं.

संध्याकाळी ठळक अक्षरात वेळापत्रक लिहून फ्रिजवर चिकटवलं. ‘घर ७.४५. नाका ७.५५. मोरिवली गेट ८.१८.’ बारा मिनिटं हातात. वर्षाने वाचलं. "एवढ्यात होतं?"

"मोजलंय," मी म्हटलं. मग तिने काही विचारलं नाही. लहानपणी स्टँडवर माइकवरून माझा आवाज ऐकून ‘आमचा मामा’ म्हणून मैत्रिणींना सांगणारी पोर ती.

शनिवार, मोरिवली

सकाळी पावणेसातला नळाला पाणी आलं. इथे ते एक दिवसाआड येतं. वर्षा पिंप, बादल्या, हंडे भरत धावत होती. मी खुर्चीत चहा पीत घड्याळ बघत होतो. बरोबर पावणेआठला मी उठलो, तिने ओल्या बाह्या खाली केल्या आणि आम्ही निघालो. तिच्याबरोबर गेटपर्यंत जायचं आणि वेळापत्रक खरं ठरताना बघायचं, असा माझा बेत होता.

नाक्यावर पोचलो आणि मी थबकलो. काल जिथे दोन माणसं होती तिथे आज वळसा घेऊन गेलेली रांग. पंचवीस मिनिटं आम्ही रांगेत उभे होतो. पुढे रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या, टेम्पो, रसायनांची पिंपं घेऊन चाललेले ट्रक, दुचाक्या. एवढी वाहनं रात्रीतून आली कुठून, ते मला कळेना.  वर्षा पर्सचा पट्टा हाताला गुंडाळायची आणि सोडायची.

गेटवर पोचलो तेव्हा आठ बेचाळीस झाले होते. वॉचमनने वहीत तिचं नाव लिहिलं. तिसरा लेट मार्क. ती आत जाता जाता वळली. "मामा, तुम्ही मोजलंत कधी?"

"काल."

"काल शुक्रवार होता."

"मग?"

"शुक्रवारी इथे अख्खी एमआयडीसी बंद असते." आवाज न चढवता तिने एवढंच सांगितलं आणि आत गेली.

मी समोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. एवढी लाज मला नोकरीत कधी वाटली नव्हती. फलाट चुकीचा सांगितला तर प्रवासी शिव्या देऊन मोकळा होतो. हिने शिवीही दिली नाही. तासाभराने वॉचमन चहाला आला. त्याने सांगितलं, की विजेचा भार वाटला जावा म्हणून फार पूर्वीपासून वार वाटून दिलेले आहेत, या पट्ट्याला शुक्रवार आला. म्हणजे या एका रस्त्याला दोन रविवार होते. एक ऑफिसवाल्यांचा, एक कारखान्यांचा. शिव्या खायच्या ऐवजी चहा पीत मी हे ऐकलं आणि त्या चुकीच्या दिवशीही मला त्या रस्त्याचं नवल वाटलं.

रविवार, उल्हासनगर

वर्षा कामावर गेली. बदलापूर झोपलेलं, त्यामुळे ती तेवीस मिनिटांत पोचली. नीलेशरावांना सुट्टी, त्यांनी माझा पडलेला चेहरा पाहून मला उल्हासनगरला दाल पकवान खायला नेलं. पकवान म्हणजे मोठी, कडक, खुसखुशीत पुरी, वर घट्ट हरभऱ्याची डाळ, चिंचेची चटणी आणि कांदा. आमच्याकडे नाष्ट्याला डाळ कोणी देईल तर पाहुणा रुसेल. मी दोन प्लेट खाल्ल्या.

नंतर कापडाच्या दुकानात गेलो. अकरा वाजले होते आणि सिंधी मालक, वय माझ्याएवढं, नुकतंच शटर वर करत होता. मी विचारलं, "शेठ, एवढ्या उशिरा दुकान?"

"अरे साईं, जल्दी उघडून काय करू?" तो गादीवर बसत म्हणाला. "माझा गिराईक नाशिकहून येतो, धुळ्याहून येतो. तो पहाटे निघतो, अकराला पोचतो. मी त्याचा टाइम बघतो. माझा टाइम बघून जीन्सवाला कारीगर येतो. कारीगरचा टाइम बघून वडापाववाला तेल तापवतो. सब एक दूसरे की घडी देखते हैं. अपनी घडी किसी के पास नहीं."

नीलेशराव पँटचं माप बघत होते. मी मात्र त्या वाक्याशीच अडकलो. साडेआठला अंबरनाथचे कारखाने, दहाला मुंबईची ऑफिसं, अकराला उल्हासनगरची दुकानं. एकाच रस्त्यावरून तीन गावं वेगवेगळ्या वेळी जात होती आणि कुणालाच कुणी सांगितलेलं नव्हतं. आमच्या करमाळ्यात असतं तर मी परिपत्रक काढलं असतं.

सोमवार

पाण्याचा दिवस. वर्षाने धोका पत्करला नाही. नळाला पाणी आलं न आलं तोच, पावणेसातला, पिंप तसंच रिकामं टाकून निघाली. मी तिच्याआधीच नाक्यावर जाऊन बसलो होतो, या वेळी वही न घेता.

सातला नाका रिकामा. वर्षाला रिक्षा लगेच मिळाली. सव्वासात, रिकामा. साडेसातला एकदम चढाच्या बाजूच्या गल्ल्यांतून माणसं उतरायला लागली आणि पाच मिनिटांत रांगेने वळण घेतलं. मी नीट पाहिलं. बायकांच्या बाह्या ओल्या होत्या. एकीच्या साडीचे काठ, दुसरीच्या सलवारीचे पाय. पुरुष कोरडे. मग रांग ओसरली, आणि आठच्या पुढे उताराच्या बाजूने दुसरी लाट आली. त्यांच्याही बाह्या ओल्या.

मी उठलो आणि माणसं जिकडून येत होती तिकडे उलटा चालत गेलो. वळणावर रस्त्यातल्या खड्ड्यावरचं झाकण काढून एक माणूस लांब लोखंडी चावी दोन्ही हातांनी फिरवत होता. पन्नाशीचा, काटक, डोक्याला मफलर. नाव बारकूदादा, या भागाचा चावीवाला. आधी तो चढाच्या गल्ल्यांना पाणी सोडतो, पाऊण तासाने ते बंद करून उताराला देतो.

"दादा, म्हणजे नाक्यावरची ही गर्दी तुम्ही सोडता?" मी विचारलं.

तो हसला. "मी पानी सोडतो, काका. गर्दी तुमची तुमी करता."

त्याला माझी नोकरी सांगितली तेव्हा त्याने मला जवळ बसवून घेतलं. दोघंही वेळ सांभाळणारे, म्हणून असेल. दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी होती. म्हणाला, "पानी कुठशी येतं ता बघाचा हाय? चला उंद्या आमच्याकडं."

संध्याकाळी घरात पाणी नव्हतं. नीलेशरावांनी भाजीत मीठ नाही असं सांगावं तसं विचारलं, "वर्षा, आज पाणी भरलं नाहीस?"

"भरलं असतं तर चौथा लागला असता," ती म्हणाली. शेजारणीने दोन हंडे दिले, त्यात भागलं. आता बुधवारी भरलं नाही तर शुक्रवारपर्यंत घर कोरडं. मी पाहुणा असल्यामुळे मला अर्धी बादली जास्त मिळाली, ती अंगावर घेताना संकोच वाटला.

मंगळवार, बारवी

रस्ता धरणाकडे वळला आणि दहा मिनिटांत शहर दिसेनासं झालं. भात कापून झालेली खाचरं, मधे पेंढ्या रचलेल्या उडव्या, पुढे साग आणि ऐनाचं रान. आणि मग झाडांतून एकदम पाणी. हिवाळ्याची सकाळ, पाण्यावर धुकं, पलीकडचा डोंगर अर्धाच दिसत होता. मी दुष्काळी मुलखातला माणूस. एवढं पाणी एकदम पाहिलं की मला हात जोडावेसे वाटतात. मी जोडले.

बारकूदादाचं घर धरणाच्या वरच्या अंगाला, नव्या वस्तीत. जुनं गाव खाली गेलं. त्याने बोटाने पाण्यातली एक जागा दाखवली. "तो सुका झाड दिसतो ना, त्याच्या खाली आमचा खला. जमीन गेली, मंग ही नोकरी भेटली." त्याच्या आईने तांदळाची भाकरी, वालाची भाजी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली. भाकरी इतकी पांढरी आणि मऊ, की ज्वारीवर वाढलेल्या मला ती आधी भाकरी वाटेना. तिसरीला वाटायला लागली.

जेवून आम्ही पाण्याकडे बघत बसलो. या माणसाच्या खळ्यावरचं पाणी उद्या सकाळी वर्षाच्या नळात येणार होतं. त्या नळामुळे ती किती वाजता निघते हे ठरणार, तिच्यासारख्या शेकडो जणींचं ठरणार, त्यावरून नाक्यावरची रांग, रांगेवरून रिक्षा, रिक्षांवरून तो सगळा रस्ता. मी फ्रिजवर चिकटवलेला कागद आठवला आणि मला हसू आलं, आणि अंगावर काटाही आला.

तेवढ्यात बारकूदादा म्हणाला, "उंद्या मोठ्या लाइनचा काम हाय. पानी उशिरा. तुमच्या चढाला सव्वासात ते आठ."

 बुधवारी ऐन निघायच्या वेळेला पाणी, आणि आठला चढाच्या सगळ्या गल्ल्या एकदम रस्त्यावर. मी त्याला गळ घातली. "वर्षाच्या गल्लीला दहा मिनिटं आधी सोडता येईल का? पोरीच्या कायम होण्याचा प्रश्न आहे."

तो मान हलवत म्हणाला, "काका, तिला धा मिनिटा आधी दिली तं खालच्या एकाद्या बाईची धा मिनिटा जातील. तीबी कामाला जाते. तुमी कवा कुनासाठी गाडी थांबवली?"

मी कधीच थांबवली नव्हती. एकदा सख्ख्या मेव्हण्यासाठीसुद्धा नाही. तो अजून बोलत नाही माझ्याशी. 

संध्याकाळी वर्षाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, लाटणं थांबलं. "मग उद्या पण पाणी जाऊ दे," ती म्हणाली. "शुक्रवारपर्यंत कुठून तरी आणू."

आणि तेव्हा, पाच दिवस रस्ता, वार, दुकानं, धरण सगळं हिंडून झाल्यावर, मी म्हटलं, "तू सातला नीघ. पाणी मी भरतो."

 नीलेशरावांनी मोबाइल खाली ठेवला. "मी पण आहे की," ते हळूच म्हणाले.

बुधवार

ती सातला निघाली, कोरड्या बाह्यांनी. सव्वासातला नळ खाकरला आणि आम्ही दोघे पुरुष पाण्याला भिडलो. मी समजत होतो, नळाखाली बादली ठेवायची की झालं. तसं नाही. आधीचं गढूळ पाणी सोडून द्यायचं, नळाला फडकं बांधायचं, प्यायचं आधी, वापरायचं नंतर, पाइप पिंपात आणि लक्ष गॅसवर. शेजारच्या बाया कामं सोडून आमच्याकडे बघत होत्या. एक म्हणाली, "काका, फडकं उलटं बांधलंय." पिंप भरून वाहिलं, नीलेशरावांची ऑफिसची पँट गुडघ्यापर्यंत भिजली. मी मोरीत घसरलो, पण बादली सांडू दिली नाही.

साडेसातला वर्षाचा फोन आला. "मामा, मी गेटवर आले. गेट अजून उघडायचंय. पाण्याच्या दिवशी एवढ्या निवांत मी कधीच आले नव्हते, काय करू तेच कळत नाहीये."

"चहा पी," मी म्हटलं.  

आठ वाजता नळाची धार बारीक झाली. मी जिन्याने गच्चीवर गेलो. खाली चढाच्या सगळ्या गल्ल्या दिसत होत्या. पिंपांची झाकणं पडल्याचे आवाज एकामागून एक येत गेले, मग दारं वाजली, कड्या लागल्या, आणि प्रत्येक गल्लीतून माणसं निघाली. गल्लीतून रस्त्याला, रस्त्यावरून नाक्याला. कुणी शिट्टी वाजवली नव्हती, कुणी माइकवरून सांगितलं नव्हतं. एकतीस वर्षं मी दिवसाला काही गाड्या वेळेवर सोडल्या तर मला वाटायचं मी गाव चालवतो. इथे अख्खं गाव घराबाहेर पडत होतं आणि वळणावर बारकूदादा मफलर गुंडाळून चावी फिरवत होता. मी तिथे पाय दुखेपर्यंत उभा राहिलो.

नीलेशराव त्या गर्दीत सापडले आणि शहाडला वीस मिनिटं उशिरा पोचले. लेट मार्क लागला. त्यांच्या नोकरीतला पहिलाच. रात्री जेवताना त्यांनी तो सांगितला तेव्हा वर्षा आधी हसली, मग पदराने डोळे पुसायला लागली. नीलेशरावांनी हातातला घास ताटात ठेवला. "रोज तू हे करून जायचीस?" त्यांनी विचारलं.

"एक दिवसाआड," ती म्हणाली.

गुरुवारी दुपारी यादी लागली. वर्षाचं नाव होतं. फ्रिजवरचं माझं वेळापत्रक नीलेशरावांनी काढलं आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला पाण्याचे दिवस लिहिले. एक दिवस तिचा, एक त्यांचा. अक्षर माझ्याइतकं चांगलं नाही.

करमाळा

घरी आलो तेव्हा सौभाग्यवती अंगणात हंडे पालथे घालत होत्या. मी चहाही न घेता सगळं सांगितलं. शुक्रवारची फजिती, सिंधी शेठ, धरण, बारकूदादा. बदलापूरच्या कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सुटतं आणि त्यामुळे नाक्यावर किती वाजता रांग लागते, हे बोटांवर मोजून दाखवलं. बोलताना आवाज नकळत माइकवरचा झाला होता.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हंडा उचलून कडेला ठेवला आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, "बरं झालं पोरीचं. आता एक सांगा, आपल्या नळाला पाणी कधी येतं?"

मी तोंड उघडलं. एकतीस वर्षं पहिल्या गाडीच्या आधी मी स्टँडवर असायचो, आंघोळ करून, इस्त्रीच्या कपड्यांत, कोरड्या बाह्यांनी. मला वार आठवेना, वेळ आठवेना. ते मला कधी ठाऊकच नव्हतं.